मासा वर का येतो?

गेल्या सहामाही परीक्षेत इयत्ता आठवीच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत आम्ही एक प्रश्न घातला होता : 'ढगाळ आणि उकाड्याच्या दिवशी तळ्यातील मासे पृष्ठभागावर का येतात?' प्रश्न दोन गुणांचा. उत्तरतालिकेत आम्ही लिहून ठेवले होते, 'अन्न मिळवण्यासाठी. अशा हवेत कीटक पाण्याजवळ उडतात.' वर्गातल्या बहुतेकांनी हेच लिहिले, कारण हेच आम्ही शिकवले होते. एका विद्यार्थ्याने मात्र लिहिले, 'माशाला दम लागतो म्हणून तो वर येतो. त्या दिवशी माझे वडील गळ टाकत नाहीत, कारण मासा खात नाही.' या उत्तराला आम्ही शून्य गुण दिले.

पालकसभेला त्या मुलाचे वडील आले. हातोद-देपालपूरकडच्या तळ्यांवर मासेमारी करणारे हे कुटुंब आहे. गुणांबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, पोराचं उत्तर चुकलं असेल तर मला पण सांगा. मी तीस वर्षं तसंच समजून चाललोय."

त्या दिवशी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी येऊन कपाटातली जुनी पुस्तके काढली. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. 'जल में घुलित ऑक्सीजन' हा धडा आम्ही त्या काळी तोंडपाठ केला होता, त्यातला तक्ता आजही आठवतो. पण तो तक्ता आपल्या शेजारच्या तळ्यातल्या पाण्याबद्दल आहे, हे आमच्या कधी डोक्यातच आले नाही. मुलाचे उत्तर बरोबर होते. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याचे दोन गुण त्याला दिले. मग वर्गातल्या मुलांनी प्रश्नांची अशी काही सरबत्ती केली की तासाची घंटा झालेली कळली नाही. वार्तापत्रातला हा लेख त्या प्रश्नांतूनच तयार झाला आहे.

मुख्याध्यापकांनी मासेमारीवर का लिहावे, असा प्रश्न काही पालकांना आणि विश्वस्त मंडळींना पडेल. आपल्या समाजातल्या पुष्कळ घरांत मासा शिजत नाही, आमच्याही घरी शिजत नाही. पण इंदूरच्या आजूबाजूला तळी आहेत, सिरपूर आहे, यशवंत सागर आहे. हे दोन्ही जलाशय २०२२ साली रामसर यादीत गेले. त्या पाण्यावर पोट असणाऱ्यांची मुले आपल्या बाकांवर बसतात. आणि जी मंडळी मासे खात नाहीत त्यांचाही माशांशी संबंध येतोच. तो कसा, ते पुढे येईल.

पहिली गोष्ट तापमानाची. मासा शीतरक्ताचा प्राणी आहे. आपले शरीर बाहेर थंडी असो की ऊन, सुमारे ३७ अंशांवर राहते. माशाचे शरीर मात्र पाणी जितके गरम तितकेच गरम असते. पाणी थंड झाले की त्याचे पचन मंदावते, हालचाल मंदावते, भूक मंदावते. रोहू, कतला, मृगळ हे आपल्याकडचे मुख्य मासे. यांना २५ ते ३२ अंशांचे पाणी मानवते. पौष-माघात माळव्यात पहाटे चांगलीच थंडी पडते, उथळ तळ्यांचे पाणी २० अंशांच्या खाली जाते, आणि मग हेच मासे खोल पाण्यात जाऊन जवळजवळ उपवासच करतात. म्हणून थंडीत सकाळी सहाला गळ टाकून बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अकरानंतर उन्हाने काठाजवळचे उथळ पाणी थोडे तापले की मासा तिकडे येतो आणि दोन-तीन तास खातो. मावठ्याचा पाऊस पडून गार वारे सुटले तर ते दोन-तीन तासही गेले.

उन्हाळ्यात याच्या उलट. वैशाखात दुपारी मासेमार झाडाखाली झोपतो, आणि ते आळसाने नव्हे. वरचे पाणी इतके तापते की मासा खाली सरकतो. पण खाली सरकायलाही मर्यादा आहे. ती समजण्यासाठी ऑक्सिजनकडे वळावे लागेल, कारण या लेखाचा खरा विषय तोच आहे.

पाणी जितके गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्रसपाटीला १५ अंशांच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे १०.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो. २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना साधारण ७.६. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे हे आकडे आणखी पाच-सहा टक्क्यांनी कमी धरावेत. दुसऱ्या बाजूने पाहा : पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढले की माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज अंदाजे दुप्पट होते. म्हणजे ज्या दिवशी गरज जास्त त्याच दिवशी पुरवठा कमी. घरात पाहुणे दुप्पट आणि नळाला पाणी निम्मे, असा तो प्रकार आहे.

हा ऑक्सिजन पाण्यात येतो कुठून? थोडा हवेतून, लाटा आणि वारा यांच्यामुळे. पण स्थिर तळ्यात मोठा वाटा शेवाळाचा आणि पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा असतो. दिवसा उन्हात प्रकाशसंश्लेषणाने त्या ऑक्सिजन सोडतात. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. रात्रभर मासे, शेवाळ, किडे आणि तळाच्या गाळातले जिवाणू सगळेच त्याच एका साठ्यातून ऑक्सिजन घेतात. त्यामुळे तळ्यातला ऑक्सिजन संध्याकाळच्या सुमारास सर्वांत जास्त आणि पहाटे सर्वांत कमी असतो. हा चढउतार रोज होतो. ऊन चांगले पडणार असेल तर पहाटेची तूट दुपारपर्यंत भरून निघते.

आता समजा, आभाळ सलग तीन दिवस भरलेले आहे. ऊन नाही, म्हणून दिवसा कमाई नाही. वारा पडलेला आहे, म्हणून हवेतूनही काही मिळत नाही. उकाडा आहे, म्हणून पाणी गरम आणि खर्च जास्त. तिसऱ्या दिवशी पहाटे साठा तळाला लागतो. अशा वेळी मासा पृष्ठभागावर येतो, कारण हवेला लागून असलेल्या पाण्याच्या अगदी पातळ थरातच काय तो ऑक्सिजन उरलेला असतो. तोंड वर काढून तो एकसारखे उघडझाप करतो. काठावरून पाहणाऱ्याला वाटते, मासा खाऊ मागतो आहे. आम्हालाही तेच वाटले होते.

प्रत्यक्षात अशा माशाला अन्न नको असते. अन्न पचवायलाही ऑक्सिजनच लागतो. कार्प जातीच्या तळ्यात लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असावा असे मानतात. ३ च्या खाली गेला की माशाचे खाणे मंदावते आणि त्याहून खाली गेला की जिवावर बेतते. म्हणून तळे माशांनी फुललेले दिसते आणि गळाला एकही लागत नाही. नवशिका गडी हे पाहून आमिष बदलतो, गळ बदलतो, जागा बदलतो. अनुभवी माणूस सरळ घरी जातो.

मुलांपैकी एकीने इथे चांगली शंका काढली : मग कीटकांसाठी मासा कधीच वर येत नाही का? येतो. कतला तर बहुतेक वरच्याच थरात खाणारा मासा, त्याचे तोंडच वरच्या बाजूला वळलेले असते. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. फरक ओळखायचा तो असा. खायला आलेला मासा वर येतो, पाणी उडवतो, परत खाली जातो. माणसाची चाहूल लागली की पळतो. दमलेला मासा तिथेच राहतो, चाहूल लागली तरी मोठ्या नाखुशीने हलतो. आणि तळाशी चरणारा मृगळ जर पृष्ठभागावर दिसू लागला तर ती निश्चित धोक्याची खूण समजावी.

मासे न खाणाऱ्यांचा संबंध येतो तो इथे. अमावास्येला, श्राद्धपक्षात किंवा एरवीही पुण्य म्हणून तळ्यावर जाऊन कणकेच्या गोळ्या, मुरमुरे, पोळीचे तुकडे माशांना घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यावर आम्ही काही म्हणत नाही. पण ढगाळ, कोंदट सकाळी तोंड वर काढलेले मासे पाहून 'बिचारे भुकेले आहेत' म्हणून टोपलीभर कणीक टाकली, तर ती कोणी खात नाही. ती तळाशी जाऊन कुजते आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही खाते. दान द्यायचेच तर उन्हाच्या दिवशी दुपारी, थोडे, आणि मासे खातात तेवढेच द्यावे.

काही वर्षांपूर्वी जूनच्या अखेरीस शहरालगतच्या एका लहान तळ्यात सकाळी मेलेल्या माशांचा खच पडला होता. कोणीतरी विष टाकले अशी लगेच बोलवा झाली. ज्याच्यावर संशय आला त्याच्या घराशी शेजाऱ्यांनी बोलणे टाकले. आम्हीही त्यावेळी मान डोलावली होती, हे इथे कबूल केले पाहिजे. आदल्या दिवशी संध्याकाळी पहिला जोराचा पाऊस झाला होता. पहिला पाऊस चार महिन्यांचा पालापाचोळा, शेण, रस्त्यावरची घाण सगळे तळ्यात आणून ओततो. वरचे गरम पाणी गार होऊन जड होते आणि खाली जाते, आणि तळाचे ऑक्सिजन नसलेले, सडक्या वासाचे पाणी वर येते. एका रात्रीत सगळे तळे गुदमरते.

विष आणि गुदमरणे यांत फरक करता येतो, तोही साध्या डोळ्यांनी. गुदमरून मरताना बहुधा मोठे मासे आधी मरतात, कारण त्यांची गरज जास्त. मरण पहाटेच्या सुमारास येते. आणि मरळ, मागूर यांसारखे हवेतून थेट श्वास घेऊ शकणारे मासे वाचतात. विषाने लहानमोठे सगळे जातात, वेळ कोणतीही असो. त्या सकाळी तळ्यात मरळ जिवंत होते की नाही, हे कोणीच पाहिले नाही. त्यामुळे खरे काय घडले ते आज सांगता येणार नाही. पण बोलणे टाकण्याआधी पाहायला हवे होते.

वाऱ्याबद्दल. शहरातल्या माणसाला वाटते, वारा नसेल तर पाणी शांत, मासा शांत, मग मासेमारी सोपी. मासेमार वाऱ्याची वाट पाहतो. मंद वाऱ्याने पाण्यावर बारीक लाटा उठतात, ऑक्सिजन मिसळतो, काठावरच्या माणसाची सावली माशाला स्पष्ट दिसत नाही. शिवाय वारा वरचे कोमट पाणी आणि त्यातले तरंगते सूक्ष्म जीव ढकलत ढकलत समोरच्या काठाला नेऊन गोळा करतो. ते खायला लहान मासे येतात, लहानांच्या मागे मोठे येतात. म्हणजे पश्चिमेचा वारा असेल तर तळ्याच्या पूर्वेच्या काठाला बसावे. तोंडावर वारा घेऊन बसणे सुखाचे नसते, पण मासा तिथेच असतो. फार जोराचा वारा मात्र काठाची काळी माती उसवून पाणी गढूळ करतो, होडीही धड चालू देत नाही.

खोल जलाशयात वाऱ्याचे आणखी एक काम आहे. उन्हाळ्यात वरचे गरम, हलके पाणी आणि खालचे गार, जड पाणी असे दोन थर पडतात आणि ते सहजासहजी मिसळत नाहीत. खालच्या थरात ऊन पोचत नाही, म्हणून तिथला ऑक्सिजन हळूहळू संपत जातो. मघाशी मर्यादा म्हटले ती हीच. वर उष्णता, खाली गुदमर, मासा मधल्या पट्ट्यात अडकतो. असा पट्टा कुठे आहे ते ज्याला कळले त्याचे जाळे भरते. आठवीतल्या त्या मुलाने सांगितले, त्याचे वडील जाळे सोडण्याआधी दोरीला बांधून लोखंडाचा तुकडा खाली सोडतात, थोड्या वेळाने वर काढून हाताने चाचपतात. तुकडा कुठून पुढे गार लागतो ते पाहतात. आमच्या प्रयोगशाळेत तापमापी आहेत, पण हा प्रयोग आम्ही कधी केला नव्हता.

हवेच्या दाबाचा मुद्दा नववीच्या मुलांसाठी. सुट्टीच्या दिवशी मोटारीने येणारी हौशी मंडळी मोबाईलवर हवेचा दाब पाहून 'आज दाब उतरतो आहे, आज मासा लागणार' किंवा 'आज लागणार नाही' असे सांगतात. दोन्ही मते आम्ही एकाच काठावर, एकाच दिवशी ऐकली आहेत. कारण असे देतात की माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. दाब बदलला की ती फुगते-आवळते आणि मासा अस्वस्थ होतो. आता हिशेब करून पाहू. १ हेक्टोपास्कल दाब म्हणजे सुमारे १ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब. पावसाळी कमी दाबाचे क्षेत्र डोक्यावरून गेले आणि दाब १० हेक्टोपास्कलने उतरला, तर माशाच्या दृष्टीने तो १० सेंटिमीटर वर सरकल्यासारखेच झाले. मासा दिवसभरात कितीदा तरी मीटर-दोन मीटर वर-खाली जातो. शिवाय आपल्या भागात हवेचा दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास दोन-चार हेक्टोपास्कलने उतरतो. तेव्हा दाबामुळे मासा खाणे सोडतो हे आम्हाला पटत नाही. दाब उतरल्याने पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो म्हणावे, तर तो फरकही १० हेक्टोपास्कलला जेमतेम एक टक्का आहे. आमच्या मते दाबासोबत येणारे ढग, वारा, पाऊस यांचे श्रेय उगाच दाबाला मिळते.

अर्थात काही मासे हवापालट ओळखतात, हे नाकारता येत नाही. युरोपात गाळात राहणारा एक लांबट मासा आहे. वादळाआधी तो अस्वस्थ होऊन फिरू लागतो म्हणून पूर्वी लोक त्याला काचेच्या भांड्यात पाळत, त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थही 'हवामान-मासा' असाच आहे. आणि आपल्या रोहू, कतला, मृगळ, शिंगाडा यांच्या वाताशयापासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. त्यामुळे त्यांना आवाज फार चांगला ऐकू येतो. होडीत पाय आपटणाऱ्या मुलाला मासेमार बाप ओरडतो, त्याचे कारण हे.

आता पाऊस. पावसाच्या पाण्याने माळव्याची काळी माती वाहून येते आणि दोन दिवसांत पाणी चहासारखे होते. डोळ्यांनी शिकार करणारे मासे अशा पाण्यात आंधळे होतात. मिशांवर जगणारे शिंगाड्यासारखे मासे मात्र वास आणि स्पर्शाने अन्न शोधतात, त्यांना गढूळ पाण्याची अडचण नाही. त्यामुळे पुराच्या पाण्यात गळाला कोणता मासा लागेल, हे पाण्याच्या रंगावरून बरेचसे सांगता येते.

पण पहिल्या पावसात याहून मोठी गोष्ट घडते. नदी भरली, नाल्यांतून नवे पाणी आले की मासे प्रवाहाच्या विरुद्ध वर चढू लागतात, थेट ओढ्यांत, शेतांत, भाताच्या खाचरांत. कोकणात याला 'वलगण' म्हणतात, कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे 'चढणीचे मासे' म्हणतात. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज तिकडून होळकरांच्या काळात इकडे आले. हा शब्द मात्र आमच्या घरी कोणी उच्चारल्याचे आठवत नाही. तो आम्हाला एका कोकणी पाहुण्यांकडून कळला. गंभीर नदीच्या काठची मंडळी हीच गोष्ट दरवर्षी पाहतात.

मासे चढतात ते अंडी घालायला. रोहू, कतला, मृगळ साचलेल्या तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत. त्यांना चढते पाणी, वाहता प्रवाह, पावसाने गार झालेले आणि ऑक्सिजनने भरलेले पाणी लागते. एका अर्थी हवामानाने परवानगी दिल्याशिवाय त्यांचा संसार सुरू होत नाही. पूर्वी तळ्यात सोडायची बारीक पिल्ले नदीच्या पुरातूनच गोळा करावी लागत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांना तळ्यात अंडी घालायला लावले. पावसाचा निरोप त्यांनी सुईतून दिला असे म्हणता येईल. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज बाजारात दिसणारा बराचसा रोहू-कतला या शोधामुळे आहे.

आता यातला विचित्र भाग पाहा. वलगणीच्या दिवसांत मासा पकडणे सर्वांत सोपे असते. अरुंद ओढ्यात, घोट्याएवढ्या पाण्यात, अंड्यांनी भरलेले मासे गर्दी करून चढत असतात. टोपली घेऊन उभे राहिले तरी पुरते. आणि नेमके तेव्हाच पकडायचे नसते. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा नद्यांत आणि नद्यांशी जोडलेल्या पाण्यात मासेमारीबंदीचा काळ आहे. नदीशी संबंध नसलेल्या लहान तळ्यांना यातून सूट आहे. एक मादी लाखाच्या हिशेबात अंडी घालते. ती ओढ्यात पकडली गेली तर पुढच्या दोन-तीन वर्षांचे जाळे हलके होते. हे मासेमाराला कोणी शिकवावे लागत नाही. दोन महिने चूल कशी चालवायची हा त्याचा प्रश्न असतो. त्या मुलाची फी आमच्याकडे दरवर्षी जुलैत थकते आणि ऑक्टोबरात येते. कार्यालयाने यावरून त्याला वर्गात नोटीस पाठवू नये, असे आम्ही या वर्षी सांगितले आहे. विश्वस्त मंडळींनी या वेळापत्रकाचा फीच्या नियमांतच विचार करावा, अशी विनंती आहे. आश्विन-कार्तिकात पाणी निवळते, ना फार गरम ना फार गार, आणि पावसाने पोसलेला मासा भुकेलेला असतो. वर्षाची खरी कमाई तेव्हाची.

चांदण्याचा परिणाम थोडक्यात सांगतो. पौर्णिमेच्या आसपास पाणी स्वच्छ असेल तर माशाला जाळे दिसते आणि तो वळून जातो. अंधाऱ्या पक्षात जाळे जास्त भरते. कित्येक मासेमार याच कारणाने पौर्णिमेला सुट्टी घेतात आणि जाळी शिवतात.

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचून रविवारी गळ घेऊन परस्पर धरणावर जाऊ नये. जून आणि सप्टेंबरमध्ये आपल्याकडे विजा फार पडतात. उघड्या काठावर हातात लांब काठी धरून उभा असलेला मुलगा आसपासच्या सगळ्यांत उंच असतो. बाजारातल्या नव्या काळ्या काठ्या कार्बनच्या असतात, त्यांतून वीज वाहते. गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर, पक्क्या घरात जायचे, झाडाखाली नाही. काळ्या मातीचा ओला उतार साबणासारखा असतो. आणि धरणाचे दार उघडले की खालच्या पात्रातले पाणी पाहता पाहता चढते, तिथे पाऊस पडत नसला तरी. मोठ्या माणसाशिवाय जाणार नाही, असे आठवीच्या वर्गाने आम्हाला लिहून दिले आहे.

त्याच वर्गाने एक वही सुरू केली आहे. दर शनिवारी सकाळी शिक्षकांसोबत चार मुले जवळच्या तळ्यावर जातात. वहीत खाने आहेत : तारीख, वेळ, आकाश, वारा कोणत्या दिशेचा, हवेचे तापमान, पाण्याचे तापमान वर आणि खाली, पाण्याचा रंग, मासे वर दिसले का, दिसले तर पळत होते का. शेवटचा खाना आम्ही ठेवला नव्हता : 'त्या दिवशी मासा किती लागला.' शाळेच्या वहीत तो बरा दिसणार नाही, असे आम्हाला वाटले. त्यावर तो मुलगा म्हणाला, "सर, तो खाना नसेल तर बाबा ही वही वाचणारच नाहीत." खाना वाढवला आहे.

खालच्या पाण्याचे तापमान घेण्यासाठी मुलांनी साधी युक्ती केली आहे. जड काचेची बाटली दगड बांधून बूच लावून खाली सोडायची, हव्या त्या खोलीवर बुचाची वेगळी दोरी ओढायची, बाटली तिथल्या पाण्याने भरते. लगेच वर काढून तापमापी बुडवायची. दोरीवर दर अर्ध्या मीटरला गाठ लागते. आम्ही मारलेल्या गाठी ओल्या झाल्या की सुटतात, म्हणून येत्या शनिवारी त्या मुलाचे वडील शाळेत येऊन वर्गाला आणि आम्हाला गाठ मारायला शिकवणार आहेत.